उन्हातील सायकल आणि अंगावरचे वस्त्र

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक या नात्याने मी एखाद्या लेण्याविषयी किंवा एखाद्या परिषदेविषयी लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र एका अगदी साध्या प्रश्नाविषयी लिहिणार आहे. एप्रिलच्या उन्हात सायकलवर जायचे असेल, तर अंगावर काय घालावे? प्रश्न ऐकून काहींना हसू येईल. परंतु या प्रश्नाचे उत्तर माझ्या आयुष्यात दोन वेळा चुकले आहे. एकदा विद्यार्थी असताना आणि एकदा शिक्षक झाल्यावर. पहिल्या चुकीची किंमत मी स्वतः भोगली. दुसरीची किंमत आपल्या विद्यालयातील एका मुलाने भोगली. ती गोष्ट आजवर मी कोणत्याही सभेत सांगितली नाही. स्मरणिका ही गौरवाची जागा असते हे मान्य, पण स्मरण केवळ गौरवाचेच करावे असे थोडेच आहे?

माझे बालपण पाथर्डी तालुक्यातील एका कोरडवाहू गावात गेले. आई आणि दादा दरवर्षी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येत. आम्ही भावंडे आजीजवळ राहत असू. १९८७ च्या एप्रिलमध्ये माझी अकरावीची परीक्षा होती. परीक्षेचे गाव चौदा किलोमीटरवर, पेपर दुपारी बाराचा, आणि वाहन म्हणजे जुन्या बाजारातून आणलेली बावीस इंची सायकल. त्या हंगामाच्या पैशांतून आईने माझ्यासाठी एक सदरा शिवून आणला होता. टेरिकॉटचा, गडद तपकिरी. कापड चुरगळत नसे आणि रंग मळखाऊ होता. आमच्या गावी उन्हाळ्यात पिण्याचे पाणीच टँकरने येई. तिथे पांढरा कपडा धुणार कशाने? गरिबाच्या घरात गडद रंग आवडीमुळे येत नाही, पाण्याच्या टंचाईमुळे येतो, हे मला पुष्कळ पुढे उमगले.

पहिल्या पेपरला मी निघालो तेव्हा दादांनी आपला पांढरा सुती पंचा माझ्यापुढे धरला. म्हणाले, "हा भिजवून डोक्याला गुंडाळ, आन् माझी कोपरी घाल. ऊन लई हाय." आईने तो पंचा त्यांच्या हातातून काढून घेतला. ती म्हणाली, "त्या पंचात गेला तर लोक इचारतील, कुनाचा गडी आलाय म्हनून. माझं पोरगं परीक्षेला चाललंय, कामाला न्हाई." दादा काही बोलले नाहीत. मीही नवा सदरा घालून, गळ्यापर्यंत बटणे लावून, उघड्या डोक्याने निघालो.

निम्मी वाट सरली आणि सदरा पाठीला चिकटला. सायकल चालू असेपर्यंत वारा लागत होता. चढाला उतरून चालू लागलो की तोही थांबे, आणि त्या कापडाच्या आत जणू भट्टी पेटे. परीक्षेच्या गावी पोहोचलो तेव्हा डोळ्यांसमोर अंधारी येत होती. पहिला अर्धा तास मला प्रश्नपत्रिकेतील अक्षरे लागत नव्हती. तो पेपर इतिहासाचाच होता. त्यात मी जेमतेम उत्तीर्ण झालो, आणि पुढे त्याच विषयात एम. ए. केले. आईला मात्र मी घरी येऊन सांगितले की पेपर सोपा गेला आणि सदरा सगळ्यांना आवडला.

आईचे चुकले, असे म्हणायला माझी जीभ आजही वळत नाही. तिच्या बोलण्यामागे फार मोठा इतिहास होता. माझे आजोबा महारकीच्या वतनातील. सरकारी सांगावा घेऊन भर दुपारी एका गावाहून दुसऱ्या गावी अनवाणी जाणे हे त्यांचे काम. मढ्यावरचे कापड हा त्यांचा हक्क मानला जाई. हक्क कसला, अपमानच तो, पण त्याला हक्क हे नाव दिलेले. १९५८ च्या कायद्याने ही हलकी वतने रद्द झाली, तरी गावाच्या नजरेतील वेष लगेच बदलला नाही.

आपल्याकडे कपडा हा केवळ कपडा कधीच नव्हता. इंदूर भागातील काही गावांनी १९२८ साली बलाई समाजावर अटी लादल्या होत्या. त्यांत जरीकाठी पागोटे बांधायचे नाही आणि रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही, असे फर्मान होते. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात हे उदाहरण मुद्दाम नोंदवले आहे. त्याआधी काही दिवस, १९२७ च्या डिसेंबरात, महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले होते की, ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची अस्पृश्य म्हणून ओळख पटते, ते टाकून द्या, स्वच्छ राहा. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, परंतु महाडचे ते सांगणे तिच्यापर्यंत पोहोचले होते. गांधीजींनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारला, हे आम्ही पाठ्यपुस्तकात वाचतो. पंचा माझ्या वडिलांच्याही अंगावर होता. पण त्यांनी तो स्वीकारलेला नव्हता. त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते. ज्याच्याजवळ निवड असते त्याचा त्याग होतो, ज्याच्याजवळ नसते त्याचे केवळ दारिद्र्य राहते. आईने माझ्या हातात निवड दिली होती. ती उन्हाच्या दृष्टीने चुकीची होती, एवढेच.

आता दुसरी चूक.

आपल्या विद्यालयाची भीमजयंतीची सायकल फेरी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. सकाळी तालुक्याच्या गावी जाऊन बाबासाहेबांच्या पुतळ्यास अभिवादन करायचे आणि परत यायचे, असा तिचा क्रम. काही वर्षांपूर्वी त्या फेरीची जबाबदारी माझ्याकडे होती. सर्वांचा पोशाख एकसारखा असावा म्हणून मी टी-शर्ट छापून घेण्याचे ठरवले. गडद निळे, जाड पॉलिस्टरचे, आणि छातीभर बाबासाहेबांची रबरी छपाईची प्रतिमा. किंमत परवडली, रंग उठून दिसला, मुले हरखून गेली. कापड हातात घेऊन ते फुंकर मारून पाहावे, उन्हात एकदा घालून पाहावे, हे मला सुचले नाही. १९८७ चा तपकिरी सदरा मी विसरलो होतो.

जाताना काही त्रास झाला नाही. पहाटेची वेळ होती. तिथला कार्यक्रम लांबला, भाषणे वाढली, आणि परत निघायला सव्वाअकरा वाजले. नगर जिल्ह्याचे एप्रिलमधील ऊन मी वर्णन करून सांगायला नको. डांबर मऊ झाले होते आणि समोरून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा लागत होता. परतीच्या वाटेवर नववीतील एक मुलगा सायकल वेडीवाकडी चालवू लागला, आणि मी त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत रस्त्याच्या कडेला कोसळला. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध. आम्ही त्याला बाभळीच्या सावलीत आणले. मी त्याचा टी-शर्ट काढू लागलो, तर त्या ग्लानीतही त्याने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. म्हणाला, "सर, नको. त्यावर बाबासाहेब हायेत. जमिनीवर पडतील."

माझे हात थांबले. हे कबूल केले पाहिजे की त्या क्षणी मला काय करावे ते सुचेना. जवळच्या वस्तीवरून एक म्हातारी आजी पाण्याची कळशी घेऊन धावत आली होती. तिने सारे ऐकले आणि मुलाच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "लेकरा, बाबासाहेबांनी कुनाला उन्हात मरायला न्हाई सांगितलं. आन तो हिकडं, मी धरते." तिने तो टी-शर्ट नीट घडी करून आपल्या मांडीवर ठेवला. मग आपले जुने सुती लुगडे आणून पाण्यात बुडवले आणि त्याच्या अंगावर पांघरले. आम्ही वह्यांच्या पुठ्ठ्यांनी वारा घालत राहिलो, लुगडे सुकले की पुन्हा भिजवत राहिलो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत त्याची नजर थोडी स्थिर झाली होती. दोन दिवसांनी तो रुग्णालयातून परत आला. त्याचे वडील तोडीवरून निघून थेट रुग्णालयात पोहोचले होते. त्यांनी हात जोडून मला पहिला प्रश्न विचारला, "सर, पोराकडून काय चूक झाली का?" मी म्हणालो, "नाही. चूक माझ्याकडून झाली." त्यांना ते पटले की नाही, कोण जाणे. शिक्षकाची चूक असू शकते, ही कल्पनाच आपल्या अनेक पालकांना अजून सवयीची नाही.

त्या मे महिन्याच्या सुट्टीत मी दोन गोष्टी वाचल्या. एक विनयपिटकातील चीवरांचा अध्याय, आणि दुसरी, उष्णता व शरीर यांविषयी जे हाती लागेल ते.

विनयातील ती कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. भगवान बुद्ध राजगृहाहून वैशालीकडे जात असताना त्यांना डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर चीवरांची गाठोडी घेऊन चाललेले भिक्खू दिसले. किती वस्त्रे पुरेशी, हे ठरवायला हवे, असे त्यांना वाटले. मग वैशालीच्या गोतमक चैत्यात, कडाक्याच्या थंडीच्या रात्री, ते एकाच चीवरावर उघड्यावर बसले. पहिला प्रहर सरल्यावर थंडी वाजली तेव्हा दुसरे चीवर घेतले, मधला प्रहर सरल्यावर तिसरे, आणि पहाटे चौथे. आणि त्यानंतर भिक्खूंसाठी तीन चीवरांचा नियम केला, वरचे दुहेरी. मला यात मोठी गोष्ट दिसते. वस्त्राचा नियम करण्याआधी नियम करणारा स्वतः थंडीत बसला होता. मी उन्हात न बसता चाळीस मुलांचे वस्त्र ठरवले होते.

त्याच परंपरेत भिक्खूने चीवर वापरताना मनात आणायचे चिंतन आहे. वस्त्र कशासाठी, तर थंडी, ऊन, वारा आणि डास-माश्या यांच्या निवारणासाठी, आणि लज्जारक्षणासाठी. हे वाचले आणि आई व दादा माझ्यासमोर उभे राहिले. दादा उन्हाच्या निवारणाची बाजू सांगत होते, आई लाजेच्या रक्षणाची. दोघेही बरोबर होते. दोन्ही बाजू एकाच वाक्यात बसतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. भिक्खूंची पांसुकूल चीवरे तर स्मशानातील आणि उकिरड्यावरील चिंध्यांची असत. माझ्या आजोबांचे कापडही स्मशानातूनच आलेले. एक निवडलेले, दुसरे लादलेले. फरक कापडाचा नव्हता.

आता कापडाचे शास्त्र. हवा त्वचेपेक्षा अधिक तापली, म्हणजे साधारण पस्तीस अंशांच्या वर गेली, की शरीराला थंड राहण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. घाम गळून खाली पडला तर उपयोग नाही. तो अंगावर वाळला पाहिजे. म्हणून वस्त्राने दोन कामे करावीत: सूर्याचा ताप त्वचेपर्यंत येऊ देऊ नये आणि घामाला वाळू द्यावे. उघडे अंग पहिल्या कामात नापास होते, जाड छपाईचा टी-शर्ट दुसऱ्या. आपल्या पर्जन्यछायेतील कोरड्या हवेत सुती कापड घाम शोषते आणि वाऱ्यावर वाळताना अंग थंड करते. कोकणातील दमट हवेत तेच कापड ओले राहून अंगाला घासते. तिथे खेळाडूंसाठी विणलेले, घाम बाहेर ओढणारे विरळ पॉलिस्टर बरे. म्हणजे सूत पवित्र आणि पॉलिस्टर पापी, असे काही नाही. हवा पाहावी, विणकर पाहावी, मग ठरवावे.

रंगाविषयीही माझा एक समज दुरुस्त झाला. वाळवंटातील बदाउनी लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण झगा सैल असल्यामुळे आत खेळणारी हवा तो जादा ताप बाहेर घेऊन जाते, आणि शरीरापर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच भरते, असे त्यात आढळले. सैलपणाचे महत्त्व इतके आहे. परंतु सायकलवर झगा चालत नाही. कपडा थोडा अंगासरशी असावाच लागतो. आणि अंगासरशी कपड्यात पांढराच रंग हिताचा.

पांढरा म्हटला की आपल्याला १४ ऑक्टोबर १९५६ आठवतो. नागपूरच्या त्या दीक्षाभूमीवर लाखो माणसे शुभ्र वस्त्रांत आली होती. आपल्या उपासकांचा हा रंग आधीपासूनच आपल्यापाशी आहे. जयंतीच्या फेरीसाठी मला तो सुचला नव्हता, इतकेच.

पुढच्या वर्षीपासून फेरीचा वेष बदलला. विरळ विणीच्या पातळ सुती कापडाचा, पूर्ण बाह्यांचा, सैल पांढरा सदरा. खिशावर निळी पट्टी. बाबासाहेबांची प्रतिमा आता अंगावर नसते, ती फेरीच्या पुढे चालणाऱ्या वाहनावर सन्मानाने असते. मुलांच्या फुलपँटचा उजवा पाय साखळीत सापडू नये म्हणून घोट्याशी रबर. मुलींच्या पोशाखावर बराच काथ्याकूट झाला. काही पालकांना मुलींनी पँट घालणे रुचेना, आणि ओढणी तर चाकात जाऊन जिवावर बेतू शकते. शेवटी पालकांच्या सभेत मुलींनाच विचारले. त्यांनी बाजूने चिरलेला गुडघ्यापर्यंतचा कुडता आणि घोट्याशी अरुंद सलवार ठरवली, ओढणी नको म्हणून सांगितले. महाडच्या सभेतील स्त्रियांनी आपले नेसणे आपण बदलले होते. या मुलींनीही तेच केले, असे मला वाटले. सभेत कोणी विरोध केला नाही.

प्रत्येकाला एक पांढरा सुती पंचा दिला जातो. हेल्मेटच्या खाली डोक्यावर बांधायचा, मागचे टोक मानेवर सोडायचे, आणि दर थांब्याला भिजवायचा. पहिल्या वर्षी एका मुलाने विचारले, "सर, हे म्हाताऱ्यांचं नाही का?" मी त्याला म्हणालो, "माझ्या वडिलांचं होतं. आता तुझं आहे." दादा तेव्हा हयात नव्हते. आई होती. विद्यालयाच्या फाटकाशी खुर्ची टाकून तिने फेरी निघताना पाहिली. पांढऱ्या सदऱ्यांतली, डोक्याला पंचे बांधलेली मुले पाहून ती बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, "समद्यांनी बांधलाय व्हय! मंग चांगला दिसतो." एकट्या पोराच्या डोक्यावर जो पंचा तिला गडी करून टाकत होता, तोच चाळीस लेकरांच्या डोक्यावर, निवडून बांधलेला, तिला शोभून दिसला.

वस्त्राबरोबर वेळही बदलली, कारण चांगला कपडा वाईट वेळेला पुरा पडत नाही. आता फेरी पहाटे साडेपाचला निघते आणि नऊच्या आत परतते. भाषणे परत आल्यावर, सभागृहात होतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघर येथे भर उन्हातील सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली. ती बातमी वाचताना मला आपल्या मुलाचा तापलेला हात आठवला. तेव्हापासून फेरीआधीच्या रात्री मी मुलांकडून हे पाठ म्हणून घेतो: तहान लागण्याआधी पाणी प्यावे, त्यात मीठ-साखर-लिंबू असावे, जोडीदार अडखळत बोलू लागला, चिडचिड करू लागला किंवा सायकल वेडीवाकडी चालवू लागला तर त्याला थांबवावे, सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंग भिजवून वारा घालावा, १०८ ला कळवावे, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये. आणि शेवटचे असे, की जीव वाचवण्यासाठी अंगावरचे काहीही काढावे लागले, तर बाबासाहेबांचा अपमान होत नाही.

हे शेवटचे वाक्य त्या वस्तीवरील आजीचे आहे. मी ते फक्त प्रमाण भाषेत लिहिले आहे.

तो मुलगा आता नोकरीला आहे आणि रोज सायकलने कामावर जातो, असे त्याने मध्यंतरी फोनवर सांगितले. ही स्मरणिका त्याच्याही हाती पडेल. त्याची क्षमा मी तेव्हा मागितली होती; आज सर्वांसमक्ष पुन्हा मागतो. येत्या १४ एप्रिलच्या फेरीत माजी विद्यार्थ्यांनीही सहभागी व्हावे, अशी विनंती आहे. येताना पांढरा सैल सुती सदरा घालून यावे. पंचा विद्यालयाकडून मिळेल.

जय भीम! नमो बुद्धाय!